आधी समुद्रात भिंत बांधली, मग विचारलं, "या जमिनीचं करायचं काय?"

ऑगस्ट 2023. दक्षिण कोरियात जगभरातल्या स्काऊट्सचा मेळावा भरला होता. दीडशेहून जास्त देशांतली सुमारे 43 हजार मुलं तंबूत राहायला आली आणि त्यांचे हाल सुरू झाले. वरून ऊन, सावलीला झाड नाही, तंबूखाली साचलेलं पाणी, त्यात डास. शेकडो मुलं आजारी पडली. ब्रिटन-अमेरिकेनं आपली मुलं आधीच हलवली. शेवटी वादळ येतंय म्हटल्यावर सगळा कॅम्पच रिकामा करावा लागला.

आयोजकांवर सडकून टीका झाली. पण मूळ गडबड मुलं झोपली होती त्या जमिनीत होती. ती जमीन समुद्रात भराव टाकून बनवलेली.

जागेचं नाव सेमांगुम. इथं दोन नद्या समुद्राला मिळतात. ओहोटीला पाणी दूरवर मागं सरकतं आणि मैलोन् मैल चिखल उघडा पडतो. सरकारला ती वाया जाणारी जागा वाटली. पण आसपासच्या गावांची चूल या चिखलातल्या शिंपल्यांवर पेटायची आणि ऑस्ट्रेलियाहून सायबेरियाकडं निघालेले पक्षी वाटेत इथंच पोट भरायचे.

1987 च्या निवडणुकीत इथं भराव टाकायचं आश्वासन दिलं गेलं. 1991 मध्ये काम सुरू झालं. 33.9 किलोमीटरची भिंत घालून 401 चौरस किलोमीटर समुद्र अडवायचा, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीहून थोडाच कमी. कशासाठी? तर भातशेतीसाठी.

विरोधही तगडा झाला. 2003 मध्ये वेगवेगळ्या धर्मांचे धर्मगुरू तीन पावलं चालायची आणि एक दंडवत घालायचा, असं करत थेट राजधानी सोलपर्यंत गेले. 65 दिवस लागले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, 2006 मध्ये निकाल सरकारच्या बाजूनं लागला आणि पुढच्याच महिन्यात भिंतीची शेवटची फट बुजली.

तोवर कोरियन लोकांचं भात खाणंच कमी झालं होतं! मग 2007 मध्ये ठरलं, 70 टक्के शेती, 30 टक्के बाकी. वर्षभरात आकडे उलटे झाले.

आता मुद्द्याची गोष्ट. भिंत घातली म्हणजे जमीन तयार होत नाही. भिंत फक्त समुद्र अडवते. आतला खोलगट भाग गाळ-वाळूनं भरावा लागतो, आणि खरा वेळ-पैसा तिथं जातो. मेळाव्याची जागा आराखड्यात पर्यटनासाठी होती, पण भरावाचा पैसा आला शेतजमिनीच्या निधीतून. त्यामुळं ती शेतासारखी सपाट केली. भातखाचरात पाणी साचलं तर बिघडत नाही. तंबूचं मात्र अवघड होतं.

भिंतीआड गोड्या पाण्याचं तळंही करायचं होतं. नद्यांची घाण आत साचून पाणी बिघडलं, म्हणून आता दरवाजे उघडून समुद्राचंच पाणी आत घ्यावं लागतं. पक्ष्यांचं काय झालं? 2006 ते 2008 च्या मोजणीत एकट्या 'ग्रेट नॉट' या पक्ष्याची संख्या इथं सुमारे 90 हजारांनी घटली. ते शेजारच्या किनाऱ्यांवर गेले असावेत म्हणावं, तर तिथंही सापडले नाहीत.

गंमत बघा, 2021 मध्ये कोरियाच्या अशाच चिखलपट्ट्यांना युनेस्कोनं जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यातल्या दोन सेमांगुमच्या उत्तरेला आणि दक्षिणेला आहेत.

सरकारला आता भरावावर विमानतळ हवाय. सप्टेंबर 2025 मध्ये सोलच्या कोर्टानं तो आराखडा रद्द केला. एक मोठं कारण होतं विमानांना पक्षी धडकण्याचा धोका. सरकार त्याविरोधात अपिलात गेलंय.