न फुटलेलं अंडं फोडून पाहा

इनक्युबेटरमधल्या अंड्यांतून २१ दिवसांनी पिल्लं आली नाहीत, की ती उकिरड्यावर जातात. तसं करू नका. जपून फोडून पाहा. चूक कुठे झाली ते बरंचसं आतच दिसतं.

नुसता बलक असेल, तर अंडं बहुधा फलित नव्हतं किंवा फार दिवस साठवलेलं होतं. रक्ताचं कडं दिसलं, तर गर्भ सुरुवातीलाच मेला. पहिला संशय तापमानावर घ्यावा. पंखा असलेल्या यंत्रात ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास हवं. यंत्रावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा.

सगळ्यात जिवाला लागतं ते पूर्ण वाढून कवचातच मेलेलं पिल्लू. इथे अनेकदा आर्द्रता चुकलेली असते. उबवताना पाणी उडून अंड्याचं वजन साधारण १२ टक्के घटायला हवं. त्यानंच रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढते, आणि पिल्लाचा पहिला श्वास तिथलाच असतो. कोकणातल्या पावसाळ्यात हवा मुळातच ओली, तरी आपण यंत्रातलं भांडं काठोकाठ भरतो. मग पोकळी लहानच राहते. अठराव्या दिवसापर्यंत आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास पुरे. त्यानंतर अंडी फिरवणं थांबवा, आर्द्रता ६५ टक्क्यांवर न्या आणि झाकण अजिबात उघडू नका. ओलावा निसटला, की आतलं पातळ आवरण सुकून पिल्लाला चिकटतं.