युद्धावरून परतलेल्यांचे उपचार: नवाहो आणि लकोटा माजी सैनिक

लढाई संपून वर्षे लोटली तरी काही सैनिकांच्या मनातून रणभूमी जात नाही. तीच स्वप्ने पुन्हा पडतात, दार आपटले तरी अंग थरथरते, घरच्या माणसांशी बोलणे तुटते आणि दारू जवळची वाटू लागते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली या अवस्थेला आघातोत्तर ताणविकार म्हणून अधिकृत मान्यता दिली. या विकाराच्या उपचारात रुग्णाच्या संस्कृतीला किती स्थान द्यावे, हा प्रश्न अमेरिकेतील मूलनिवासी जमातींच्या माजी सैनिकांमुळे ठळकपणे पुढे आला.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात या जमातींतील सुमारे ४२ हजार जण सैन्यात होते, आणि त्यांतले बहुतेक आपणहून भरती झालेले होते. मूलनिवासी म्हणजे रानाची जाण असणारच, असे गृहीत धरून टेहळणीच्या तुकडीत सर्वांत पुढे चालण्याचे काम त्यांच्यावर अनेकदा येई. समोरच्या खेडुतांचे चेहरे आपल्या नातलगांसारखे दिसत, ही बोचणी वेगळीच. १९९०च्या दशकात अमेरिकन संसदेच्या आदेशावरून उत्तरेकडील मैदानी प्रदेशातल्या आणि नैर्ऋत्येकडील जमातींच्या माजी सैनिकांची पाहणी झाली. सिनेटर स्पार्क मात्सुनागा यांच्या नावाने ती ओळखली जाते. तीत जवळजवळ दर तिघांतल्या एकाला त्या वेळीही हा विकार असल्याचे आढळले. गोऱ्या माजी सैनिकांच्या तुलनेत हे प्रमाण साधारण दुप्पट होते. हा फरक वंशामुळे पडला नव्हता. प्रत्यक्ष लढाईचा मारा त्यांच्या वाट्याला अधिक आला होता, हे त्याचे मुख्य कारण.

या विकारावरच्या प्रचलित उपचारांपैकी काहींमध्ये रुग्णाला तो भयंकर प्रसंग तपशीलवार, पुन्हापुन्हा सांगायला लावतात. भीतीला वारंवार सामोरे गेले की तिची धार कमी होते, हे त्यामागचे तत्त्व. अनेकांना याचा चांगला गुण येतो. मात्र नैर्ऋत्येकडच्या नवाहो जमातीतल्या परंपरा मानणाऱ्या माणसाची इथे कोंडी होते. मृत्यूचा, प्रेताचा उच्चार टाळावा, वाईट बोलल्याने वाईट ओढवते, अशी त्याची धारणा असते. तो गप्प बसला की उपचारक नोंद करतो, ‘सहकार्य करत नाही.’ अनेक जमातींत नुकत्याच वारलेल्या आप्ताचा आवाज ऐकू येणे हा शोकाचा स्वाभाविक भाग मानतात. हे ठाऊक नसलेला डॉक्टर त्यालाच भ्रम समजण्याची शक्यता असते.

म्हणून उपचाराची पहिली पायरी विचारपूस ही असते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या त्याच संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत यासाठी १६ प्रश्नांची मुलाखत दिलेली आहे. तुमचा त्रास घरच्यांना कसा समजावून सांगाल, तो कशामुळे झाला असे तुम्हाला वाटते, आजवर कोणाच्या मदतीने बरे वाटले, अशा वळणाचे हे प्रश्न आहेत. त्यांच्या उत्तरांवरून पुढची दिशा ठरते. एखादा विधी मागतो, दुसरा चर्चमध्ये जाणारा असतो, तिसऱ्याला गोळ्या आणि समुपदेशन पुरेसे वाटते. साडेपाचशेहून अधिक मान्यताप्राप्त जमातींना एकच विधी लागू करणे, हीसुद्धा संस्कृतीची उपेक्षाच होय.

नवाहो लोकांत युद्धावरून आलेल्यासाठी ‘एनिमी वे’ हा विधी आहे. शत्रूच्या मृत्यूशी आलेल्या संपर्काने बिघडलेला समतोल पूर्ववत करणे हा त्याचा हेतू. उन्हाळ्यात होणाऱ्या या विधीत जाणता गायक मंत्रगीते म्हणतो आणि सजवलेली काठी दूरच्या दुसऱ्या कुटुंबाच्या तळावर नेली जाते. दोन्हीकडची माणसे जमतात, भेटवस्तूंची देवघेव होते, रात्री नाच होतात. आलेल्या गोतावळ्याच्या जेवणासाठी मेंढ्या, सरपण, पीठ गोळा करायला नातेवाईक कित्येक दिवस राबतात. खर्च मोठा असतो आणि तो सगळे मिळून उचलतात. दुसऱ्या महायुद्धात नवाहो भाषेवर आधारलेली संकेतप्रणाली घडवणाऱ्या पहिल्या २९ जणांपैकी चेस्टर नेझ यांनी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात, परतल्यावर जपानी सैनिक स्वप्नात येत असल्याचे आणि घरच्यांनी आपल्यासाठी हा विधी केल्याचे सांगितले आहे.

उत्तरेकडील मैदानी प्रदेशातल्या लकोटांचा ‘इनिपी’ हा विधी तर काही सरकारी रुग्णालयांच्या आवारातही होतो. विलोच्या ओल्या फांद्या वाकवून घुमटासारखा सांगाडा उभारतात, त्यावर घोंगड्या आणि ताडपत्री घालतात. बाहेर धगीत लाल केलेले दगड आतल्या खड्ड्यात ठेवून वर पाणी ओततात. मिट्ट काळोखात, वाफेत, खांद्याला खांदा लावून बसलेली माणसे प्रार्थना करतात. असे चार फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्यानंतर दार उघडतात. इथे डॉक्टरचे काम विधीच्या आधीच असते. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातले पाणी घटले तर औषधाची पातळी धोक्याच्या रेषेपलीकडे जाऊ शकते; रक्तदाबाच्या आणि काही मानसिक आजारांच्या औषधांमुळे उष्णता सोसण्याची ताकद कमी होते. म्हणून रुग्णाच्या औषधांची यादी तपासतात, आणि गरज पडली तर आत न जाता शेकोटीजवळ बसण्याची मुभा देतात.

रुग्णालयापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्यांसाठी २०००च्या दशकात दक्षिण डाकोटातील रोझबड इथे व्हिडिओद्वारे मानसोपचार सुरू झाले. पडद्यावर डॉक्टर असतो, पण रुग्णाच्या खोलीत जमातीतलाच एक कार्यकर्ता हजर असतो, आणि बहुधा तो स्वतःही माजी सैनिक असतो. औषध का बंद केले, घरात काय घडले, हे आधी त्याच्या कानावर येते. डॉक्टरवरचा विश्वास त्याच्यामार्फत तयार होतो.

संस्कृतीची दखल घेणाऱ्या या उपचारपद्धतीला मर्यादा पाळाव्या लागतात. विधी करण्याचा अधिकार जमातीने मान्य केलेल्या जाणत्याचाच. डॉक्टरने त्याची नक्कल करू नये. काही गीते आणि कृती बाहेरच्यांसाठी नसतातच. आत्महत्येचा धोका, तीव्र नैराश्य किंवा व्यसन असेल तर वैद्यकीय उपचार लांबणीवर टाकता येत नाहीत. खर्चाची बाजू हळूहळू सावरते आहे: ऑक्टोबर २०२४ मध्ये अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको आणि ओरेगॉन या चार राज्यांत पारंपरिक उपचारांना मेडिकेड या सरकारी आरोग्ययोजनेतून पैसे देण्यास केंद्राने मंजुरी दिली.

औषध झोप आणू शकते, समुपदेशनाने अपराधभावाची गाठ सैल होते. परंतु सैनिकाला युद्धावर समाजाने पाठवलेले असते, आणि त्याला परत आपल्यात घेण्याची जबाबदारीही समाजाचीच असते. त्या जबाबदारीसाठी रुग्णालयाच्या वेळापत्रकात जागा ठेवणे, हेच संस्कृतीची जाण असलेल्या उपचाराचे सार आहे.