कोड: पाप नव्हे, कुपथ्य नव्हे, पेशींचा आजार

अंगावर पांढरा डाग दिसला की घरात आधी कुजबुज सुरू होते. मुलगी लग्नाची असेल तर लपवालपवी. डॉक्टरांकडे जाणं सर्वांत शेवटी, आणि तोवर डाग पसरलेले असतात. हे टाळायचं तर कोड म्हणजे नेमकं काय, हे नीट समजून घ्यायला हवं.

गैरसमज: कोड स्पर्शाने होतं, तो कुष्ठरोगच.
वस्तुस्थिती: कुष्ठरोग जंतूमुळे होतो, चट्ट्यावरची संवेदना कमी होते आणि औषधांनी तो पूर्ण बरा होतो. कोडात जंतू नसतोच. डागावर टाचणी टोचली तर नेहमीसारखीच बोचते. कोड असलेल्यासोबत जेवा, झोपा, संसार करा. काहीही लागत नाही.

गैरसमज: माशांवर दूध प्यायल्याने किंवा आंबट खाल्ल्याने कोड येतं.
वस्तुस्थिती: याला पुरावा नाही. त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी मेलॅनोसाइट या रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. कोडात शरीराच्याच टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, त्यांना शत्रू समजून मारतात. हल्ला करताना त्या इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशवाहक प्रथिन सोडतात. त्यामुळे आसपासच्या त्वचापेशी रासायनिक संदेश पाठवून आणखी टी-पेशींना बोलावतात आणि डाग वाढत जातो.

गैरसमज: पांढरा डाग नेहमी आतूनच येतो.
वस्तुस्थिती: कपाळावर नेमका टिकलीच्या जागी डाग पडलेल्या बायका त्वचारोगतज्ज्ञांना भेटतात. काही टिकल्यांच्या गोंदात आणि रबरी चपलांत फिनॉल गटातली रसायनं असतात. ती रंगपेशींना मारू शकतात. अशी टिकली, अशी चप्पल ताबडतोब बंद करावी.

गैरसमज: आई-वडिलांना असलं की मुलांना होणारच.
वस्तुस्थिती: अनेक जनुकं मिळून धोका वाढवतात, पण बहुतेकांच्या मुलांना कोड होत नाही. तेव्हा या कारणावरून स्थळ नाकारणं अन्यायाचं आहे.

गैरसमज: कोडावर इलाज नाही.
वस्तुस्थिती: केसांच्या मुळाशी रंगपेशींचा राखीव साठा असतो. अतिनील किरणांच्या उपचाराने तो जागा होतो आणि डागात केसांभोवती तपकिरी ठिपके उमटू लागतात. डागावरचे केसही पांढरे झाले असतील तर हे अवघड जातं. इंटरफेरॉनचा संदेश अडवणाऱ्या रुक्सोलिटिनिब मलमाला अमेरिकेत २०२२ मध्ये कोडासाठी मान्यता मिळाली.

नवा डाग दिसताच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि कोडासोबत थायरॉइडचा विकारही असू शकतो, म्हणून त्याचीही तपासणी करून घ्या. उपचार लवकर सुरू झाले तर रंग परतण्याची शक्यता अधिक असते.