वार्धक्यातील आहार : मोजका, परंतु कसदार

आयुर्मानात झालेली वाढ ही स्वातंत्र्योत्तर काळातील एक मोठी मिळकत होय. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती. महाराष्ट्रातही दर दहा व्यक्तींमागे जवळजवळ एक व्यक्ती या वयोगटातील होती. तथापि, वाढलेली ही वर्षे अंथरुणावर काढावयाची की हिंडता-फिरता, हे पुष्कळ अंशी आहारावर अवलंबून असते.

एक रूढ गैरसमज

‘आता वय झाले, चहा आणि अर्धी भाकरी पुरे,’ असे उद्गार घरोघरी ऐकू येतात. श्रम कमी झाले म्हणजे शरीरास लागणारी ऊर्जा कमी होते, हे खरे. परंतु प्रथिने, कॅल्शियम व जीवनसत्त्वे यांची गरज त्या प्रमाणात घटत नाही. उलट, उतारवयात स्नायू झिजू लागतात आणि हाडे ठिसूळ होतात. अशा वेळी आहारातील कस कमी झाला, तर तोल जाणे, पडणे आणि अस्थिभंग होणे ही संकटे ओढवतात. आपण ज्यास ‘म्हातारपण’ म्हणतो, त्यातील काही भाग वस्तुतः कुपोषणाचा असतो व तो टाळता येतो.

घरातील अन्नच पुरेसे

प्रौढ व्यक्तीस प्रतिदिनी, वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजेच ५० किलो वजनाच्या व्यक्तीची गरज सुमारे ४० ग्रॅम होय. दिवसभरात २०० ग्रॅम ज्वारीतून २० ग्रॅम, ६० ग्रॅम डाळीतून १३ ग्रॅम आणि पाव लिटर दुधातून ८ ग्रॅम प्रथिने मिळतात. वरण व दूध वगळून केवळ चटणी-भाकरी खाणाऱ्या वृद्धास यांपैकी निम्मीच प्रथिने मिळतात. शिवाय धान्य व डाळ यांतील प्रथिने परस्परपूरक असल्याने भाकरीबरोबर वरण, पिठले अथवा उसळ असणे हितावह आहे. जे खातात, त्यांनी अंडी व मासळीही घ्यावी.

नाचणी कॅल्शियमने विशेष समृद्ध आहे. जेवणात लिंबू वा आवळा असल्यास अन्नातील लोह अधिक शोषले जाते; जेवणालगत चहा घेतल्यास ते कमी होते. मीठ दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा, कमी असावे. लोणचे व पापड यांतील मीठही त्यातच धरावे. वयोमानाने तहान मंदावते. म्हणून तहान नसली तरी थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे.

दात नसल्यामुळे भाकरी सुटते, भाजी सुटते. त्यांच्यासाठी नाचणीची आंबील, दुधात कुस्करलेली भाकरी, मऊ खिचडी, घोटलेली पालेभाजी व शेंगदाण्याचे कूट हे पदार्थ सोयीचे ठरतात. एका वेळी अधिक न खाता चार-पाच वेळा थोडे थोडे खावे. मधुमेह व मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्यानेच आहार ठरवावा.

गावाची जबाबदारी

मुले रोजगारासाठी शहरात गेल्यावर मागे राहिलेले वृद्ध, विशेषतः एकाकी विधवा, एकटीसाठी चूल कशाला पेटवावयाची, या विचाराने उपाशी झोपतात. घरात सर्वांत शेवटी जेवण्याची सवय असलेल्या स्त्रीच्या वाट्यास वार्धक्यातही उरलेलेच येते. अशा व्यक्तींची नोंद ग्रामपंचायतीने ठेवावी. आशा कार्यकर्तीच्या मदतीने दरमहा त्यांचे वजन पाहता येईल. प्रयत्न न करता सहा महिन्यांत ५० किलो वजनातील अडीच किलो घटले, तर तो धोक्याचा इशारा समजून प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. वृद्धांच्या आरोग्यसेवेसाठी २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रमही राबविला जात आहे.

१ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन होय. त्या दिवशी सत्काराच्या शालीबरोबरच, गावातील कोणत्या घरी चूल पेटत नाही, याचीही विचारपूस सदस्यांनी करावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना, आजी-आजोबा रोज काय जेवतात, हे पाहावयास सांगावे. पुष्कळ घरांत या साध्या प्रश्नानेच सुधारणेस प्रारंभ होईल.