हिरड्यांचा रंग

जयपूर गुलाबी दिसते ते रंग दिल्यामुळे. १८७६ साली इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठी ते रंगविले गेले, असे सांगतात. आणि तो रंग टिकवावयाचा तर पुनःपुन्हा द्यावा लागतो. त्याच शहरात आज काही माणसे दंतवैद्याकडे आणखी एक गुलाबी रंग मागावयास जातात. हसताना हिरड्या काळपट दिसतात, त्या लेसरने उजळून हव्या असतात.

हा काळेपणा म्हणजे मळ नव्हे. हिरडीच्या आवरणाच्या तळाशी रंगपेशी असतात व त्या मेलॅनिन नावाचे द्रव्य निर्माण करतात. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्यांच्या उद्योगात. तेव्हा आपल्याकडची काळसर हिरडी बहुधा निरोगीच समजावी. घासून ती उजळत नाही, सोलवटते मात्र. गंमत अशी की, याच उत्तर हिंदुस्थानात एके काळी स्त्रिया मिस्सी लावून दात आणि हिरड्या मुद्दाम काळ्या करीत, आणि तो शृंगार गणला जाई!

पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी १९६० साली चालविला. दंतवैद्य पुष्कळदा डायोड लेसर वापरतात. त्याचा अदृश्य किरण मेलॅनिन आणि रक्तातील रंगद्रव्य शोषून घेतात. हिरडी बधिर करून, रोग्याच्या आणि स्वतःच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवून, वैद्य बारीक तंतूच्या टोकाने वरचे आवरण थोडेथोडे जाळून काढतो. रक्त फारसे येत नाही. जखम भरून येईपर्यंत, म्हणजे आठपंधरा दिवस, तिखट कचोरी तेवढी वर्ज्य.

परंतु शेजारच्या रंगपेशी हळूहळू सरकत येतात आणि काळेपणा पुन्हा उमटू शकतो. कुणाचा काही महिन्यांत, कुणाचा काही वर्षांनी. विडी ओढणाऱ्याच्या हिरड्या तर धुरानेच अधिक काळवंडतात. विडी सुटली की तो रंग पुष्कळदा आपोआप ओसरतो. मला विचाराल तर अशा माणसाने लेसरचे पैसे आधी खर्च करू नयेत.

लहानपणापासून दोन्ही बाजूंना सारखा असलेला रंग निराळा, आणि मोठेपणी एकाच जागी उमटून पसरत जाणारा डाग निराळा. कधी तो दातात भरलेल्या चांदीचा कण असतो, क्वचित कर्करोगही असतो. हिरड्यांबरोबर अंगही काळवंडू लागले आणि अशक्तपणा आला, तर मूत्रपिंडावरील ग्रंथींचा ॲडिसनचा रोग असू शकतो. म्हणून संशयित डागाचा तुकडा आधी कापून तपासावयास पाठवितात. लेसरने वाफ होऊन गेलेला डाग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावयास उरत नाही.