ड्रॅगच्या टायरात ट्यूब कशाला?

११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादेत हुसेनसागराकाठी फॉर्म्युला ई धावली, ती ट्यूबलेस टायरांवर. मग पाव मैल सरळ पळण्याच्या ड्रॅग शर्यतीत ट्यूब अजून का दिसते? तिथला मागचा स्लिक टायर मुद्दाम मऊ ठेवतात. दाब बहुधा २० पीएसआयच्या आत, बाजूची भिंत पातळ. इतक्या कमी दाबात टायरची कड रिमला घट्ट धरत नाही, सुटतानाच्या झटक्याने ती सरकते आणि हवा झिरपते. ट्यूब ती हवा राखते. आक्षेप असा की वजन वाढते. खरेच आहे, आणि फिरत्या परिघावरचे वजन फार महाग पडते. शिवाय टायर रिमवर घसरला तर ट्यूबचा व्हॉल्व्हच उपटतो, म्हणून कडेला स्क्रू मारावे लागतात. तरीही दर फेरीला बदलणाऱ्या दाबापेक्षा हे ओझे परवडले.

उष्णतेपुढे मात्र ट्यूबचेही काही चालत नाही. २५ अंशांना १२ पीएसआय भरलेली हवा हैदराबादच्या उन्हाळ्यात ४५ अंशांवर गेली, की दाब सुमारे पावणेदोन पीएसआयने, म्हणजे जवळजवळ १५ टक्के चढतो; ३२ पीएसआयच्या रोजच्या गाडीत हीच वाढ १० टक्क्यांच्या आसपास. तेव्हा दाब सकाळी गॅरेजमध्ये नव्हे, सुटण्याच्या रेषेजवळ मोजा, आणि कमी दाबासाठीच्या गेजनेच.