प्रौढ वयातील दमा आणि स्पर्धात्मक जलतरण : सार्वजनिक आरोग्याचा विचार

दमा हा बालपणी जडणारा विकार आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात तो चाळिशी-पन्नाशीतही प्रथमच उद्भवू शकतो. अशा दम्यात ॲलर्जीचा वाटा तुलनेने कमी असतो, स्त्रियांचे प्रमाण अधिक असते आणि धूर, कामाच्या ठिकाणची धूळ व लठ्ठपणा ही कारणे ठळकपणे आढळतात. राज्यनिहाय रोगभार अभ्यासानुसार भारतातील दम्याच्या रुग्णांची संख्या १९९० मध्ये सुमारे २.२९ कोटी होती. २०१६ मध्ये ती ३.७९ कोटी झाली. कमावत्या वयातील व्यक्तीला धाप लागली की मजुरी बुडते, औषधाचा खर्च वाढतो आणि भीतीपोटी व्यायामही सुटतो.

स्थानिक परिस्थिती

छत्तीसगडमधील रायपूर जिल्ह्याचा अभनपूर तालुका या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. हा भातशेतीचा प्रदेश आहे. मळणीची व भातगिरणीतील धूळ आणि चुलीचा धूर हे श्वसनमार्गाला त्रासदायक ठरणारे घटक येथील जीवनक्रमाशी निगडित आहेत. रायपूरलगतच्या उरला व सिलतरा औद्योगिक क्षेत्रांत स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात रायपूर शहराचा समावेश आहे. मात्र याच प्रदेशात गावोगावी तलाव आहेत व पोहणे ही अनेकांची बालपणापासूनची सवय आहे. दमा जडल्यावर ती सोडावी काय, हा म्हणूनच येथे व्यावहारिक प्रश्न ठरतो.

पाण्याचे दोन्ही गुण

व्यायामात श्वासोच्छ्वास जलद होतो, कोरड्या हवेने श्वासनलिका शुष्क होतात व आकुंचन पावतात. पाण्यालगतची हवा दमट असल्याने पोहताना हा त्रास धावण्याच्या तुलनेने कमी होतो. परंतु बंदिस्त तरणतलावात क्लोरीनचा घाम व मूत्र यांतील नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात. त्यांतील ट्रायक्लोरामाइन हा वायू पाण्याच्या पृष्ठभागालगत साचतो व श्वसनमार्गाचा दाह करतो. दीर्घकाळ कसून सराव करणाऱ्या स्पर्धकांत दम्याचे प्रमाण अधिक आढळते, त्यामागे हे एक कारण मानले जाते. उत्तम वायुवीजन आणि पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने केलेले स्नान हे त्यावरील साधे उपाय होत. उघड्या तलावात क्लोरीन नसते. तेथे पाण्याची शुद्धता व सोबतीची सुरक्षितता पाहावी लागते. दम्याच्या रुग्णाने एकट्याने पोहू नये.

उतारवयातील स्पर्धा

प्रौढांच्या ‘मास्टर्स’ जलतरण स्पर्धांत २५ वर्षांपासून पुढे पाच-पाच वर्षांचे वयोगट असतात. पहिली जागतिक मास्टर्स स्पर्धा १९८६ मध्ये टोकियो येथे झाली. त्यामुळे पन्नाशीतील स्पर्धकाची तुलना तरुणाशी होत नाही. लहानपणापासून दमा असलेल्या अमेरिकेच्या एमी व्हॅन डायकेन यांनी १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदके मिळविली. जागतिक उत्तेजक-प्रतिबंधक नियमांनुसार श्वासावाटे घेतलेले साल्ब्युटामॉल २४ तासांत १,६०० मायक्रोग्रॅमपर्यंत, मात्र कोणत्याही आठ तासांत ६०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नाही, इतक्या मर्यादेत चालते. म्हणजेच योग्य उपचार घेणे हे स्पर्धेच्या आड येत नाही.

धोरणाची दिशा

खरा अडसर उपचारातील त्रुटींचा आहे. तात्पुरता आराम देणारा पंप वारंवार वापरला जातो. दाह शमविणारा स्टिरॉइडयुक्त पंप मात्र ‘सवय लागेल’ या भीतीने टाळला जातो. केवळ तात्पुरत्या पंपावर विसंबून राहू नये, अशी शिफारस जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी २०१९ पासून केली आहे. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील रुग्णाच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. तरीही नियमित औषध लागणाऱ्या कुटुंबावर त्याचा भार पडतोच. २०१६ ची उज्ज्वला योजना धुराचे मूळ कमी करते, जनऔषधी केंद्रे खर्च घटवितात आणि असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आता दम्यासारख्या जुनाट श्वसनविकारांचाही समावेश आहे. या तिन्हींची सांगड तालुका पातळीवर घातली गेली, तसेच श्वासक्षमतेची चाचणी व पंप वापरण्याचे प्रशिक्षण जवळच्या आरोग्य केंद्रात मिळाले, तर प्रौढ रुग्ण कामावर टिकेल आणि पाण्यातही परतू शकेल. दम्यावरील खर्च हा अशा प्रकारे मानवी भांडवलातील गुंतवणूकच ठरतो.